शेणव्याहून नेरूळला: आपल्याच जिल्ह्यातलं एक स्टेडियम

  

आज आधी एक काम करा. फोनवर मॅप उघडा. पॉडकास्ट बंद करू नका, तो मागे चालू राहील. मॅपमध्ये 'शेणवा' टाका. तालुका शहापूर. ते माझं गाव. आता तिथून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचा रस्ता शोधा. निळी रेघ किती लांब जाते बघा. आणि आता गंमत बघा, त्या रेघेची दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात आहेत. ठाणे जिल्ह्यात.

हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. टीव्हीवर कॉमेंटेटर 'मुंबई' म्हणून मोकळे होतात. तिकिटावर 'नवी मुंबई' असतं. पण नेरूळ येतं ठाणे तालुक्यात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जव्हार, मोखाडा, वाडा तिकडे गेले. आम्ही शहापूर-मुरबाडवाले ठाण्यातच राहिलो. म्हणजे ज्या मैदानावर वर्ल्ड कपच्या फायनल होतात, ते मैदान आणि आमचं भाताचं खाचर, दोन्हींचा कलेक्टर एकच.

तर आजचा विषय तो आहे. त्या स्टेडियमचा इतिहास, त्याची बांधणी, आणि तिथे झालेलं फुटबॉल. हो, फुटबॉल. क्रिकेटचं सगळ्यांना ठाऊक आहे. आणि यात माझी बहीण पण आहे. तिला सांगूनच बोलतोय. 'नाव घेऊ नको, बाकी काय बोलायचं ते बोल,' असं तिने सांगितलंय.

सुरुवातीपासून सांगतो. स्टेडियमचं उद्घाटन ४ मार्च २००८ चं. ज्यांचं नाव त्याला आहे ते डॉ. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूरकडचे. शिक्षणसंस्था काढल्या, १९९१ ला पद्मश्री मिळाली, पुढे त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपालही झाले. आता कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर मला वाटायचं की फुटबॉलचंच मैदान बांधलं असेल. कारण कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांची इज्जत. तिथल्या तालमींचे संघ आहेत, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, आणि शाहू स्टेडियमवर त्यांची मॅच असली की अर्धं गाव तिकडे. पण नेरूळचं स्टेडियम बांधलं ते क्रिकेटसाठी. वेळही बरोबर साधली. मार्चमध्ये उद्घाटन, एप्रिलमध्ये आयपीएल सुरू, आणि १ जून २००८ ला पहिल्याच आयपीएलची फायनल इथे. राजस्थानने चेन्नईला शेवटच्या बॉलवर हरवलं ती. मी तेव्हा शाळेत होतो आणि शेजारच्यांच्या टीव्हीवर बघितली होती. लाइट गेली नाही हे त्या रात्रीचं मोठं आश्चर्य.

आराखडा आर्किटेक्ट हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. साधारण ५५,००० माणसं बसतील एवढी जागा. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे छप्पर. वर तंबूसारखं ताणलेलं पांढरं छत आहे, आणि तुमच्या डोळ्यांसमोर एकही खांब येत नाही. जुन्या स्टेडियममध्ये बसला असाल तर कळेल. नेमका गोल होतो तेव्हा बॉल खांबाच्या मागे असतो, शेजारचा उड्या मारत असतो आणि आपण 'काय झालं, काय झालं' करत असतो. इथे ते नाही.

मग छप्पर उभं कसं राहतं? गावच्या घराचा सज्जा आठवा. भिंतीतून बाहेर आलेला असतो, पुढे आधार काहीच नाही, तरी पडत नाही. कारण मागची बाजू भिंतीत दाबून धरलेली असते. इथे तेच, फक्त शेकडो पटीने मोठं. पुढे जेवढं लोंबकळतं, तेवढं मागे घट्ट बांधलेलं. आणि वजनापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. कारण वारा छप्पर खाली दाबत नाही, वर उचलतो. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पत्रे उडतात ते याच कारणाने. पत्र्यावर दगड ठेवणारी आमची आजी आणि स्टेडियमचे इंजिनियर, दोघांची काळजी एकच.

पावसावरून आठवलं. नोव्हेंबर २००९ मध्ये इथे भारत-ऑस्ट्रेलिया वनडे होणार होती. फयान वादळ आलं आणि एकही बॉल न टाकता मॅच गेली. पावसाशी या मैदानाचं नातं जुनं आहे, पुढे परत येईल.

आता फुटबॉल. ते इथे २०१४ मध्ये आलं, इंडियन सुपर लीगबरोबर. मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान हे. १८ ऑक्टोबर २०१४ ला इथे मुंबईने पुण्याला ५-० हरवलं आणि आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. निकोला अनेल्का मुंबईकडून खेळायचा. विचार करा, फ्रान्सकडून खेळलेला माणूस नेरूळला. त्याच वर्षी २० डिसेंबरला लीगची पहिली फायनलही इथेच झाली. एका बाजूला गांगुलीची कोलकाता, दुसऱ्या बाजूला सचिनची केरळ. म्हणजे फुटबॉलच्या फायनलला पण क्रिकेटवालेच मालक! नव्वद मिनिटं शून्य-शून्य, आणि भरपाई वेळेत कॉर्नरवरून मोहम्मद रफीकने डोक्याने गोल मारला. कोलकाता १-०.

पण दोनच सीझन. २०१६ पासून मुंबई सिटी अंधेरीला गेली, मुंबई फुटबॉल अरिनात. कुठे ५५,००० आणि कुठे जेमतेम आठ-एक हजारांचं मैदान. मला तेव्हा राग आला होता. एवढं मोठं सोडून तिकडे का? मग एकदा अंधेरीला मॅच बघितली आणि डोक्यात प्रकाश पडला. तिथे खेळाडूंच्या शिव्यासुद्धा ऐकू येतात.

हे गणित करून बघण्यासारखं आहे. कागद घेऊ नका, मी सांगतो. फुटबॉलचं मोठं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. क्रिकेटचं मैदान गोल. मधल्या खेळपट्टीपासून सीमारेषा साधारण ७० मीटर धरू. आता त्या गोलाच्या मध्यात हा आयत ठेवा. मध्यापासून बाजूची रेषा ३४ मीटरवर. म्हणजे रेषेपासून क्रिकेटच्या दोरीपर्यंत ३६ मीटर नुसतं रिकामं गवत. अर्ध्या मैदानापेक्षा जास्त! त्यानंतर जाहिरातींचे बोर्ड, मोकळी जागा, जाळी, आणि मग पहिली खुर्ची. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर विचारूच नका. आणि मधोमध ती क्रिकेटची खेळपट्टी. कडक माती, तिच्यावर फुटबॉल खेळता येत नाही, बॉल टणाटण उडतो आणि पडलं तर गुडघा गेला. त्यामुळे असल्या मैदानावर फुटबॉल असलं की मधल्या भागाची वेगळी सोय करावी लागते, गवत आणून बसवावं लागतं. थोडक्यात काय, फुटबॉल इथे भाडेकरू. घर मोठं, हवेशीर, पण खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारून.

हे अंतर मी स्वतः भोगलंय. २५ ऑक्टोबर २०१७, अंडर-१७ वर्ल्ड कपची सेमीफायनल, माली विरुद्ध स्पेन. मी बीटेक करत होतो, घणसोलीला चौघांत एक खोली. ट्रान्स-हार्बरने नेरूळ म्हणजे किरकोळ अंतर. बुधवार होता, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, तरी गेलो. स्पेनने ३-१ जिंकली. आबेल रुईझने दोन मारले, एक फेरान तोरेसने. हो, तोच, पुढे बार्सिलोनात गेलेला. आमच्यासमोर सतरा वर्षांचा पोरगा म्हणून पळत होता आणि आम्ही त्याचं नाव नीट वाचतही नव्हतो.

त्या मॅचमध्ये मालीच्या दुकुरेने लांबून एक जबरदस्त शॉट मारला. बॉल आडव्या बारला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. रेफरीने गोल दिला नाही. नंतर रिप्लेमध्ये दिसलं की बॉल रेषेच्या आत पडला होता. पण आम्हाला स्टेडियममध्ये काहीच कळलं नाही! आम्ही ज्या कोपऱ्यात होतो तिथून गोल म्हणजे काडेपेटी. खोलीवर आल्यावर मोबाईलवर बघितलं. ज्याने घरी बसून बघितलं त्याला आमच्यापेक्षा जास्त दिसलं. तरीसुद्धा सांगतो, मालीची पोरं हरल्यावर मैदानावर बसून राहिली, तेव्हा समोरचा सगळा स्टँड उभा राहून टाळ्या वाजवत होता. तो आवाज मोबाईलवर येत नाही.

आता यातली एक बोचणारी गोष्ट. तो वर्ल्ड कप भारतात, आपल्या जिल्ह्यात सामने, पण भारताच्या मॅच दिल्लीला. ६ ऑक्टोबरला इथे न्यूझीलंड-तुर्की झाली आणि आपली पोरं, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांच्यात, दिल्लीत अमेरिकेविरुद्ध खेळली.

मग आलं २०२२. हे वर्ष मला नीट सांगायचंय, कारण ते कोणाला आठवतच नाही.

जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा एशियन कप महाराष्ट्रात झाला. मैदानं तीन: नेरूळ, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी. २० जानेवारीला नेरूळला भारत विरुद्ध इराण, ०-०. पुढची मॅच २३ तारखेला चायनीज तैपेईशी, परत इथेच. आणि कोविड. संघातल्या इतक्या जणी पॉझिटिव्ह निघाल्या की मॅचसाठी लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या राहीनात. मॅच झालीच नाही. भारत स्पर्धेतून बाहेर. इराणबरोबरची मॅचही हिशेबातून काढली. म्हणजे आपल्या मुली आपल्या घरी खेळल्या, आणि रेकॉर्डला शून्य. शून्य गोल नाही, शून्य मॅच.

फायनल ६ फेब्रुवारीला. चीन हाफटाइमला ०-२ मागे होता दक्षिण कोरियाच्या, आणि ३-२ जिंकला, शेवटचा गोल भरपाई वेळेत. आशिया खंडाची फायनल, असला सामना, नेरूळला. तुम्हाला आठवतो? नाही ना? बरोबर आहे. त्या दिवशी सकाळी लतादीदी गेल्या. संध्याकाळी सगळा महाराष्ट्र टीव्हीवर शिवाजी पार्क बघत होता. आमच्या घरीही तेच. मला तर तो सामना झाल्याचं कित्येक महिन्यांनी कळलं.

आणि मग ऑक्टोबर. अंडर-१७ मुलींचा वर्ल्ड कप. भुवनेश्वर, मडगाव आणि नेरूळ. हा खरं तर २०२० ला व्हायचा होता, कोविडमध्ये गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फेडरेशनलाच निलंबित केलं, तेव्हा परत वाटलं की गेला. काही दिवसांत निलंबन उठलं आणि झाला एकदाचा. भारताच्या मॅच यावेळी भुवनेश्वरला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. लोकांनी मीम केले. मी पण एक फॉरवर्ड केला होता, खोटं कशाला बोलू. बहिणीने घरच्या ग्रुपवर तो बघितला आणि लिहिलं, 'दादा, त्यांची कॅप्टन झारखंडच्या खेड्यातली आहे. तू एकदा तिच्याबरोबर पळून दाखव.' मी गप्प मेसेज डिलीट केला.

बहीण तेव्हा नववीत. आमच्याकडे मुलं अंडरआर्म क्रिकेटच्या टूर्नामेंट खेळतात, मुली शाळेत कबड्डी, खो-खो. फुटबॉल तिच्या डोक्यात कुठून शिरला मला माहीत नाही. शाळेत एक बॉल होता, आणि दिवाळीनंतर भात कापलं की खाचरं रिकामी होतात, तिथे मुलांच्यात घुसून खेळायची. कापलेल्या भाताचे खुंट राहतात ना जमिनीत, ते पायाला असे लागतात की विचारू नका. त्यावर ती खेळायची. म्हणून मी ठरवलं, यंदा भाऊबीजेला ड्रेस नाही, फायनलचं तिकीट.

भाऊबीज होती २६ तारखेला. फायनल ३० ऑक्टोबर, रविवार. मोबाईलवर तिकिटं दाखवली. ती, चुलतबहीण आणि मी. दोघी नाचल्या. बाबा मात्र गप्प. मग म्हणाले, "भात उभं आहे. पाऊस कधी येईल भरवसा नाही. आणि तुम्ही तिघं बॉल बघायला चालले?"

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. ऑक्टोबरचा शेवट म्हणजे आमच्याकडे कापणीची धांदल. मजूर मिळत नाही, ढग आले की पोटात गोळा येतो. बाबांचं काहीच चुकत नव्हतं. शेवटी तोड निघाली. शनिवारी दिवसभर आणि रविवारी उजाडल्यापासून दहापर्यंत तिघांनी विळे चालवायचे. बहिणीने त्या दोन दिवसांत जे भात कापलं, तसं मी तिला आधी कधी कापताना बघितलं नाही आणि नंतरही नाही.

मग आंघोळी, जीपने आसनगाव, लोकलने ठाणे, ठाण्याला पूल चढून ट्रान्स-हार्बर, नेरूळ. रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा धसका वेगळाच. स्टेशनपासून चालत गेलो. सायन-पनवेल हायवेच्या कडेला ते पांढरं छप्पर दिसलं तेव्हा चुलतबहीण म्हणाली, "एवढं मोठं कशाला बांधलं असेल?" मला उत्तर सुचलं नाही.

आधी तिसऱ्या जागेची मॅच होती, नायजेरिया-जर्मनी. ३-३ आणि मग पेनल्टीवर नायजेरिया. फायनल रात्री आठला, स्पेन आणि कोलंबिया. कोलंबियाच्या लिंडा काइसेदोबद्दल मी वाचून गेलो होतो, बहिणींना सांगितलं की तिच्यावर लक्ष ठेवा. काही महिन्यांपूर्वीच ती मोठ्यांच्या कोपा अमेरिकाची फायनल खेळली होती, वय सतरा. बहीण म्हणाली, "माझ्याहून फक्त दोन-तीन वर्षांनी मोठी." आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

मी बॉल बघत होतो. बहीण बॉल बघतच नव्हती. ज्या मुलीकडे बॉल नाही ती काय करते, ते बघत होती. "दादा, ती बघ, बॉल तिकडे आहे तरी ही पळते. हिला कसं कळतं बॉल इकडे येणार?" मला इतक्या मॅच बघून हे कधी दिसलं नव्हतं. आणि एवढ्या लांबून, ३६ मीटर गवताच्या पलीकडून, हे उलट जास्त चांगलं दिसतं. वरून सगळं मैदान एका नजरेत येतं. टीव्हीवर फक्त बॉल दिसतो. तेवढ्यासाठी मी त्या वरच्या मजल्याला माफ केलं.

८२ व्या मिनिटाला गोल झाला, तोही स्वयंगोल. कोलंबियाच्या आना गुझमानच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळ्यात. स्पेन १-०, वर्ल्ड कप स्पेनचा. आमच्या दोघी त्या गुझमानकडेच बघत होत्या. चुलतबहीण म्हणाली, "हिला आता घरी काय म्हणतील?"

शेवटची कसारा चुकली असती म्हणून बक्षीस समारंभ अर्धा सोडून पळालो. आसनगावला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. स्टेशनबाहेर बाबा आणि काका, दोन मोटरसायकली घेऊन, कानाला मफलर. बाबांनी फक्त विचारलं, "कोण जिंकलं?" बहिणीने शेणव्यापर्यंत मागे बसून त्यांना सगळी मॅच सांगितली. वाऱ्यात त्यांना किती ऐकू आलं, देव जाणे.

आता जे सांगायचं होतं ते.

त्यानंतर आठवड्याने ती मला म्हणाली, "दादा, मला क्लबमध्ये घाल." मी चौकशी केली. नवी मुंबईत मुलींचा एक क्लब सापडला, नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. प्रॅक्टिस आठवड्यातून चार दिवस, सकाळी साडेसहाला. राहण्याची सोय नाही. मी बसून हिशेब मांडला. साडेसहाला मैदानावर म्हणजे पहाटे चारच्या आत आसनगाव. आणि त्या वेळेला शेणव्याहून आसनगावला जीप नसते. एकाच जिल्ह्यातली दोन टोकं, म्हटलं ना. मॅपवर निळी रेघ आहे, पण पहाटे साडेतीनला त्या रेघेवर गाडी नाही.

मी तिला म्हटलं, "दहावी होऊ दे, मग बघू." दहावी झाली. मी म्हटलं, "बारावीचं वर्ष जवळ आहे, बघू." आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत याला बॅकलॉग म्हणतात. काम यादीत असतं, कोणी नाकारलेलं नसतं, आणि कधी होतही नाही. मी खोली बदलू शकलो असतो. तिला माझ्याकडे आणून इकडच्या शाळेत घालता आलं असतं. पगार होता. अवघड होतं, अशक्य नव्हतं. मी केलं नाही. फुटबॉलमध्ये चौदा ते सतरा ही वर्षं गेली की गेली. हे मला माहीत होतं, मी तर अंडर-१७ च्या मॅच बघणारा माणूस! तिने कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून जास्त लागतं.

मधे एकदा मी रागारागात या भागासाठी एक वाक्य लिहून ठेवलं होतं. की आमच्या तालुक्याच्या भातसा-तानसाचं पाणी शहराला जातं, उन्हाळ्यात आमचे पाडे टँकरची वाट बघतात, आणि तिकडे स्टेडियमचं गवत हिरवंगार. टाळ्यांचं वाक्य. मग तपासलं, तर नवी मुंबईचं पाणी येतं मोरबे धरणातून, ते खालापूरकडे, रायगडात. भातसा-तानसाचं जातं मुंबईला. वाक्य खोडलं. त्या गवताने आमचं काही घेतलेलं नाही. ते फक्त लांब आहे.

आणि एक गोष्ट त्या स्टेडियमच्या बाजूने पण बोललीच पाहिजे. मुलींच्या खेळासाठी त्याने दार जितक्या वेळा उघडलं, तितकं आपल्याकडच्या फार थोड्या मैदानांनी उघडलं असेल. २०२२ च्या त्या दोन फायनल. मग ४ मार्च २०२३ ला महिला प्रीमियर लीगची पहिली मॅच. तारीख बघा, बरोबर पंधरावा वाढदिवस स्टेडियमचा. मधे कोल्डप्लेवाले येऊन गेले जानेवारी २०२५ मध्ये, तेव्हा माझे अर्धे ऑफिसवाले तिथे होते आणि उरलेले अर्धे तिकिटाच्या रांगेत ऑनलाइन अडकलेले. आणि मग २ नोव्हेंबर २०२५. महिला वर्ल्ड कपची फायनल.

त्या दिवशी मी गावी होतो. तिकडे नेरूळला पाऊस, मॅच दोन तास उशिरा सुरू. इकडे आमच्याकडे पण पाऊस, कापून ठेवलेलं भात ताडपत्रीखाली. एकाच ढगाखाली बसलो होतो म्हणा. मॅच मात्र पूर्ण पन्नास ओव्हरची झाली. २००९ ला जे मैदान पावसापुढे हरलं होतं ते यावेळी टिकलं. भारत २९८, शेफालीचे ८७, आणि मग दीप्ती शर्माच्या पाच विकेट. शेवटचा कॅच हरमनप्रीतने घेतला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि आमच्या घरात आजीसकट सगळे जागे.

कॅमेरा स्टँडवरून फिरला. बहीण एकदम म्हणाली, "थांब, तिथे, वरच्या मजल्यावर, त्या कोपऱ्यात! आपण तिथे बसलो होतो." बाबा पुढे वाकून बघायला लागले. फोनची स्क्रीन केवढी, त्यात काय दिसणार? पण बघत राहिले. मग म्हणाले, "बरंच लांब बसला होता की."

आता ती बारावीत आहे. खेळत नाही, म्हणजे संघातून नाही. पण यंदा भात झोडून झाल्यावर तिने एक उद्योग काढलाय. आमच्या दोन खाचरांमधला बांध बाबांनी एका जागी फोडून दिला, तिथून ये-जा होते. पाड्यावरच्या आठ-दहा मुली रविवारी येतात, चौथीपासून आठवीपर्यंतच्या. खुंट तिने कुदळीने काढायला लावले. गोलाला बांबू. बॉल दोन, एक मी दिलेला, एक कुठून आला मी विचारलं नाही. मी गेल्या रविवारी बांधावर बसून बघितलं. ती त्यांना बॉल मारायला शिकवत नाही. आधी बॉल नसताना कुठे पळायचं ते शिकवते. पोरी वैतागतात. "ताई, बॉल दे ना!" करतात.

काल रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. आमचं मैदान पावलांनी मोजून ४१ बाय २३ भरतंय, पण पावलं तिची धरायची की माझी यावर वाद आहे. शाळेतली टेप कमी पडते. म्हणते, "दादा, शनिवारी येताना पन्नास मीटरची टेप आण. आणि चुना. लक्षात ठेव, 'बघू' म्हणू नको."

टेप ऑर्डर केलीय, शुक्रवारी येईल असं दाखवतंय. चुना आसनगावला मिळेल.

चला, भेटू पुढच्या भागात.